चार नंबरचा डबा

जालिंदर त्रिभुवनचे कान फार तिखट होते आणि त्याला त्याचा माजही तेवढाच होता. साखर कारखान्याच्या गॅरेजात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेली. ट्रॅक्टर गेटातून आत यायच्या आधीच हा सांगायचा, की डाव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय. लोक तोंडात बोट घालायचे. पण काही माणसांचं असंच असतं बघा. यंत्र कुजबुजलं तरी ऐकू येतं, आणि घरचं माणूस शेजारी बसून बोललं तर पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या दारात बासष्ट सालची फियाट उभी होती. तिच्या फुगीर पाठीमुळे आपल्याकडे तिला डुक्कर फियाट म्हणतात. जालिंदरसमोर मात्र तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. कारखान्याच्या कुठल्याशा साहेबाची ती गाडी भंगारात निघाली तेव्हा त्याने लिलावात घेतली आणि दोन वर्षं खपून चालती केली. वस्तीवर आलेली ती पहिली मोटार. तेव्हापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीच्या टपावर बसायची, आणि स्टेअरिंगवर जालिंदर. गेली तीन वर्षं मात्र गाडी जागची हलली नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोनिका दारात आली. वस्तीतलीच पोरगी, आता शाळेची व्हॅन चालवते आणि महिला मंडळाचं सगळं तीच बघते.

"जय भीम, नाना. यंदा मिरवणुकीला फियाट पायजे. दोन वर्सं ट्रॉलीवर प्रतिमा नेली, काय शोभत न्हाई. आन चालवनार मी."

जालिंदर पायरीवर बसून काडीने नखातलं ग्रीस काढत होता. "गाडी न्यायला काय न्हाई गं. पर गिअरबॉक्स खोलावा लागंल. सेकंड पडत न्हाई, थर्ड वरडतो. तुज्या बाईनं पार भरीत करून ठिवलंय त्याचं."

बाई म्हणजे भागिरथी, जालिंदरची बायको. बत्तीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. वस्तीतल्या निम्म्या लोकांना पहिलं अक्षर तिने गिरवून दिलेलं, मोनिकालासुद्धा. आणि ती तिथेच होती, ओट्यावरच्या बाजेवर, उशीला टेकून. डावा हात मांडीवर ठेवलेला. तिने नव्हे, सकाळी जालिंदरने ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही, त्याला लागलं-भाजलं तरी तिला कळत नसे. तिने एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि मोनिकाला विचारलं, "च्या घेती का गं?"

तेवढंच. जालिंदरला वाटलं, हिला पटलंच असणार. न पटायला काय झालं?

आता ही बाई गाडीपर्यंत पोचली कशी, ते आधी सांगायला हवं. करोनाचा पहिला उन्हाळा. सगळं बंद. कारखान्याचा ऊस यार्ड, जिथे हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेत माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तो मोकळा मैदानासारखा पडलेला. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं तिथे जायची. भागिरथी पंचावन्न वर्षांची, पदर खोचलेला, तोंडाला मास्क. या गाडीचा गिअरचा दांडा खाली पायाशी नसतो. तो स्टेअरिंगच्या बाजूला असतो, आणि डाव्या हाताने वरखाली करायचा असतो. पहिल्या दिवशी तिने त्या दांड्याला हात लावला आणि हसली.

"गार हाय वो."

"हासू नको. पायानं क्लच दाब. हातानं गिअरला इचार. तो व्हय म्हनला की मग घाल."

जालिंदर नाकावर राग घेऊन फिरणारा गडी, पण शिकवायला बसला की देवमाणूस. महिन्याभरात ती त्याच्यापेक्षा हलक्या हाताने गिअर घालायला लागली. फक्त दोन बोटांनी. दांडा वर गेला की खाली आला ते कळायचंही नाही. जालिंदर शेजारी बसून समोर बघत राहायचा. त्याला आतून इतकं बरं वाटत असायचं, की तोंडातून शब्द फुटत नसे. ते त्याने तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

करोनाची ती दोन वर्षं मिरवणूक निघालीच नाही. तिसऱ्या वर्षी निघायची ठरली तेव्हा महिला मंडळाने ठराव केला, की प्रतिमेची गाडी यंदा भागिरथीबाई चालवणार. जालिंदरला आभाळ ठेंगणं झालं. बायकोच्या नावाने गाडीला काहीतरी नवं घालावं असं त्याच्या मनाने घेतलं. पण नवं घालायचं तरी काय? सीट तर चांगली होती. रंग चांगला होता. मग गिअर ऑइल. भागिरथीच्या हातात दांडा लोण्यासारखा फिरला पाहिजे.

तालुक्याच्या गावी सूर्यभानचं ऑइल-ग्रीसचं दुकान होतं. सूर्यभान म्हणजे कारखान्याच्या स्टोअरचा जुना कीपर, जालिंदरचा जुना दोस्त. तो म्हणाला, "आरं, तिला साधं नव्वदचं ऑइल घाल. चार नंबरवालं, जीएल चार. जुन्या गाडीला तेच मानवतं."

हे 'साधं' जालिंदरला झोंबलं. त्याच्या आज्याने जन्मभर दुसऱ्यांचं उतरलेलं नेसलं आणि उरलेलं खाल्लं. बापाने छप्पन सालानंतर ते झुगारून दिलं, पण साध्यातून त्याचीही सुटका झाली नाही. ही गाडी तरी काय, साहेबांनी वापरून टाकलेलीच. एकदा, आयुष्यात एकदा, दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचं आपल्या माणसासाठी घ्यावं असं वाटलं तर माणसाला नावं कशी ठेवायची? तो नाशकाला गेला आणि परदेशी कंपनीचा काळा-सोनेरी डबा घेऊन आला. दुकानातल्या पोराने सांगितलं होतं, यापेक्षा भारी येतच नाही. जालिंदरने गिअरबॉक्स धुऊन ते ऑइल स्वतःच्या हाताने भरलं आणि भागिरथीला हाक मारली. "बघ आता. राणीची गाडी."

ती वस्तीभोवती एक फेरी मारून आली. उतरताना म्हणाली, "अवो, गिअर धरत न्हाई. आधी कसा वाटीत वाटी बसल्यावानी बसायचा. आता निसटतोय."

"नवं ऑइल हाय. तुजा हात अजून बसला न्हाई."

ती दांड्याकडे एकदा बघून आत गेली.

मिरवणूक निघाली. पांढरी साडी नेसलेली भागिरथी स्टेअरिंगवर, टपावर प्रतिमा, पुढे निळे झेंडे, मागे अख्खी वस्ती. जालिंदर गाडीच्या बाजूने चालत होता, छाती पुढे काढून. पाटाच्या पुलाजवळ पुढचे लोक भराभर पुढे गेले आणि गाडीला त्यांना गाठायचं होतं. भागिरथीने फर्स्टमधून सेकंड टाकला. खर्रर्र! असा आवाज झाला की वाजंत्री थांबली. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "बाई, क्लच दाबा, क्लच!" आणि इथे जालिंदरच्या डोक्यात सणक गेली. आपण शिकवलेलं, आपली गाडी, आपलं ऑइल, आणि सगळ्यांसमोर हा आवाज! त्याने दार उघडलं.

"उतर."

"अवो, जरा ऐका..."

"उतर म्हनतो ना! गाडीचं वाटोळं करशील. तुज्या हाताला पळी-पातेलंच बरं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. भागिरथी उतरली. तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि बायकांमध्ये जाऊन चालायला लागली. पुढचा दीड किलोमीटर ती चालली. गाडी जालिंदरने चालवली. त्याच्या हातालाही सेकंड खर्रकन वाजला, थर्डही वाजला. तेही त्याने तिच्याच माथी मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे आपल्याकडे थोडे का आहेत?

त्यानंतर भागिरथी त्या सीटवर कधी बसली नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही, स्वयंपाकात मीठ कमीजास्त झालं नाही. फक्त गाडीची किल्ली तिने खुंटीला अडकवली ती अडकवली. जालिंदरला वाटलं, हौस फिटली. आठ महिन्यांनी एका सकाळी दळण आणायला उठली आणि उंबऱ्यात कोसळली.

मोनिका येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदर गाडीखाली शिरला. भागिरथीची जुनी परात खाली लावली आणि ड्रेनचा बोल्ट सोडला. काळपट ऑइल परातीत पडलं. त्याने परात उन्हात ओढली, आणि ऑइल चमकायला लागलं. सोन्याचा चुरा कालवल्यासारखं. त्याने चिमटीत घेऊन चोळलं. बोटांवर पिवळी भुकटी राहिली. पितळ होतं ते.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा दुपार झाली होती. त्याने एकेक गिअर हातात घेतला, पुसला, चष्मा लावून पाहिला. लोखंडाचे दात शाबूत होते. एकाही दाताचं टोक उडालेलं नव्हतं. चालवणाऱ्याचा हात वाईट असता तर आधी दात गेले असते. हे कारखान्यात त्याने शंभर पोरांना शिकवलेलं. गेल्या होत्या त्या पितळी रिंगा. गिअर पडायच्या आधी फिरत्या चाकाला धरून सावकाश करणाऱ्या त्या पातळ रिंगा काळवंडल्या होत्या, झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. जालिंदरने त्यातली एक फडक्यात गुंडाळून खिशात टाकली. ओट्यावरून भागिरथी बघत होती. त्याने तिच्याकडे मान वर केली नाही.

संध्याकाळी तो सूर्यभानच्या दुकानात गेला. बरोबर रिंग नेली आणि तो काळा-सोनेरी डबाही. डबा रिकामा झाल्यावर त्याने तो खिळे ठेवायला वापरला होता, इतका त्याचा त्याला अभिमान. सूर्यभानने डबा उलटा करून खिळे वर्तमानपत्रावर ओतले आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"पाच नंबर हाय रं हे. जीएल पाच."

"भारीतलं हाय."

"भारीच हाय की. नव्या गाड्यांच्या मागच्या धुऱ्याला. तुज्या गाडीत पितळ हाय, जालिंदर. ह्या ऑइलात गंधक लई. ते पितळ खातं. आन वरनं इतकं निसरडं, की रिंगेला गिअर धरताच येत न्हाई. घातल्या दिवसापासनं गिअर खरखरनार. कुनीबी चालवू दे."

"कुनीबी?"

"देव आला खाली तरी." सूर्यभानने चष्मा काढला. "पर तुला हे आता कळलं व्हय? मला वाटलं वहिनी बोलल्या आसतील."

"कोन वहिनी?"

"आरं, आल्त्या की त्या. मिरवणुकीच्या आधी, पंधरा-वीस दिवस. अंगणवाडीची मीटिंग हुती तालुक्याला. दुकानात आल्या, म्हनल्या, भाऊ, ऑइल बदलल्यावर गिअर धरायचा बंद व्हतो का? मी डब्याचा रंग इचारला, नंबर इचारला. त्यांनी चिठ्ठीवर समदं लिहून आनल्तं. मी म्हनलं, जालिंदरला धाडा माज्याकडं, मी सांगतो. तर म्हनल्या, नको भाऊ. ह्यांनी लई हौसेनं आनलंय. सन होऊ द्या. मग मी सांगंन गोडीत. आन चार नंबरचा डबा घिऊन गेल्या की."

जालिंदर रिंग आणि खिळे तिथेच सोडून बाहेर पडला.  

घरी आला तेव्हा भागिरथी बाजेवरच होती. दिवा लागायची वेळ. त्याने तिच्यासमोर उभं राहून विचारलं, "डबा कुठाय?"

कुठला डबा, असं तिने विचारलं नाही. वारं गेल्यापासून तिचे शब्द सावकाश येत. "रजिस्टरच्या पेटीत. तळाला."

पत्र्याच्या पेटीत पोरांच्या वजनाची रजिस्टरं होती, फळांचे आणि पक्ष्यांचे तक्ते होते, खडूची अर्धी पेटी होती. सगळ्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सील न फोडलेला डबा. साधा, निळ्या पत्र्याचा. तो घेऊन जालिंदर तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"सांगितलं का न्हाईस मला?"

"सांगितलं हुतं. पयल्याच दिवशी. तुमी म्हनले, हात बसला न्हाई."

"त्याच्यानंतर?"

"लई खुशीत हुता तुमी. म्हनलं, सन होऊ द्यावा."

"मग सन झाल्यावर?"

अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं. "सन झाल्यावर मला सांगावंच वाटलं न्हाई."

जालिंदर रडला. बाप गेला तेव्हा रडला नव्हता, हिला दवाखान्यात नेताना रडला नव्हता. आता डबा मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडला. "चुकलं माजं," म्हणाला. "भागिरथी, माजं चुकलं."

तिने उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. आवाजात राग नव्हता. अंगणवाडीत पोरांना विचारायची तसंच तिने विचारलं, "उतर म्हनला तवा समदी वस्ती हुती वो. आता चुकलं म्हनता, तर हितं कोन हाय?"

ती म्हणत होती ते खरंच होतं.

सूर्यभानने पुण्याहून जुन्या गाड्यांच्या रिंगा मिळवून दिल्या. जालिंदरने गिअरबॉक्स तीनदा धुतला, पुन्हा जोडला, आणि भागिरथीच्या डब्यातलं ऑइल नरसाळ्याने भरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उपडा धरून बसला. वस्तीभोवती चक्कर मारली. सेकंड पडला, थर्ड पडला, आवाज नाही. वाटीत वाटी. आपण कधीच वापरले नाहीत असे तिचे ते शब्द त्याच्या ओठावर आले.

चौदा एप्रिलला बारा वाजल्यापासून गाडी विहारासमोर उभी होती. पोरांनी झेंडूच्या माळा आणि निळ्या फिती लावल्या. ऊन असं, की जमिनीवर पाय ठरत नव्हता. चारला लोक जमले. भागिरथीला प्लास्टिकच्या खुर्चीसकट आणून लिंबाखाली बसवलं होतं, पांढऱ्या साडीत. जालिंदरने पोरांच्या हातातून माईक घेतला. पोरांना वाटलं, नाना भाषण करणार.

"मला एवढंच सांगायचंय," तो म्हणाला. कारखान्याच्या भोंग्यावर ओरडून बोलायची सवय असलेला माणूस, पण माईक त्याने दोन्ही हातांनी धरला होता. "तीन वर्सांमागं पाटाच्या पुलाजवळ मी भागिरथीला गाडीतनं उतरवलं. तुमच्या समद्यांसमोर. तिच्या हाताला नावं ठिवली. तिची चूक नव्हती. ऑइल मी चुकीचं घातलं हुतं. तिला ते म्हाईत हुतं, मला नव्हतं. तिचा हात माज्यापेक्षा चांगला हुता. बास."

मग म्हातारी लंकाबाई शेजारणीला म्हणाली, आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "कंदी गं? कंदी उतरवलं हिला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बायका आठवायला लागल्या. कुणाच्या म्हणून ध्यानात नव्हतं. कुणीतरी समजुतीने म्हणालं, "जाऊ द्या नाना, जुनं झालं." ज्यांच्यासमोर मान खाली गेली म्हणून भागिरथीने तीन वर्षं ते उरात धरलं होतं, ते मिरवणूक संपल्यावर घरी जाऊन जेवून झोपले होते. लक्षात राहिलं होतं दोघांच्याच. भागिरथी उजव्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा करत खाली बघत होती.

मोनिका पुढे आली. पोरगी शहाणी. "नाना, आदी बाईंना बसू द्या गाडीत. मग मी बसंन."

दोघांनी धरून भागिरथीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. जालिंदर वळसा घालून शेजारच्या सीटवर आला, यार्डात बसायचा तसा. इंजिन बंदच होतं. मग डाव्या पायाचा भरवसा नव्हता म्हणून तिने उजवा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला.

जालिंदरने तिचा डावा हात मांडीवरून उचलला, दांड्याभोवती एकेक बोट वळवलं, आणि वरून आपली मूठ धरली. फर्स्ट. मग सेकंड.

"पडला का?"

"पडला."

"आवाज न्हाई आला."

"न्हाई आला."

भागिरथीने आपल्या हाताकडे पाहिलं. परक्या माणसाचा असावा तसं पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "दांडा गार हाय का वो?"

जालिंदरने बोट लांबवून दांड्याच्या उघड्या भागाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. बारापासून उन्हात तापलेलं लोखंड. त्याने तिची बोटं घाईने सोडवली. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"हाय," तो म्हणाला. "गार हाय."

"मग ऱ्हाऊ द्या जरा तसाच."

त्याने आपला तळवा दांड्याभोवती घट्ट आवळला आणि त्यावर तिचा हात ठेवला. बाहेर मोनिका गाडीला टेकून उभी होती. तिने पोरांना वाजवायला लावलं नाही.